भुऱ्याच्या दुर्वा

ससा आणि मी एकाच आठवड्यात त्या घरात आलो. मी कारंज्याहून लग्न होऊन आले, तो मिशनच्या बंगल्यातून टोपलीत बसून आला. दोघांपैकी जास्त कौतुक कोणाचं झालं म्हणाल तर सशाचं. मी तेव्हा त्याचा राग धरला होता. आज त्या सशाचे माझ्यावर उपकार आहेत असं सांगायला बसले आहे, म्हणजे बघा.

साल सत्तावन. उन्हाळा तोंडावर आलेला. नागपूरला दीक्षा घेऊन आमच्या लोकांना काही महिनेच झाले होते. वर्ध्याला लागून पिपरी, आणि पिपरीच्या कडेला आमची वस्ती. आमचं लग्न नव्या रीतीनं झालं, पांढऱ्या लुगड्यात, आणि म्हाताऱ्या बायका मला बघून कुजबुजल्या की ही नवरी आहे की काय आहे. मला ते ऐकू आलं होतं. त्यामुळे आल्या दिवसापासून मी धान्याच्या कोठीमागचा कोपरा धरला तो सोडला नाही. कोणी हाक मारली की मी आणखी आत सरकायची. मालक, म्हणजे प्रेमदास, सकाळी कापसाच्या जिनात कामाला जात ते संध्याकाळी येत. घरात मी आणि माझी सासू, तानाबाई.

आत्या उंच, हाडकुळी, बोलायला कमी. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. तिनं कित्येक वर्षं मिशनच्या बंगल्यात झाडलोट केली होती. दीक्षेहून परत आल्यावर तिनं स्वतःच्या हातानं देवळीतले देव काढले. टाक काढला, शेंदराचा दगड काढला, आणि तिच्या आईनं दिलेला पितळेचा छोटा गणपती काढला. वस्तीत आमचे शेजारी भैयाजी घराघरांतून देव गोळा करत टोपलं घेऊन फिरत होते, पण आत्यानं आपले देव त्यांच्या टोपल्यात टाकले नाहीत. पदरात बांधून ती पवनारपर्यंत चालत गेली आणि धाम नदीत सोडून आली. गौरी-गणपतीला मानणार नाही असं दीक्षेत सगळ्यांसोबत मोठ्यानं म्हटलं होतं, ते तिनं करून दाखवलं. एवढंच की चाळीस वर्षांची सवय हाताला होती. पहाटे अंघोळ झाली की हात आपोआप देवळीकडे जायचे. मग ती फडकं घेऊन रिकामी देवळीच पुसून काढायची.

बंगल्यातली मडम आपल्या देशाला परत चालली, तेव्हा तिनं आपला ससा आत्याला दिला. साधा रानातला ससा नव्हे. मडमनं तो कुठल्याशा थंड डोंगरी गावाहून आणला होता. महिन्याभराच्या करडाएवढा मोठा, भुऱ्या रंगाचा, गळ्याखाली लोंबता मऊ पट्टा, कान पळसाच्या पानासारखे रुंद. सोबतची मादी पहिल्याच उन्हाळ्यात गेली होती. बंगल्यात इतर नोकर होते, खानसामा होता, पण ससा जायचा तो आत्याजवळ. कारण साधं होतं. दुपारी ती सावलीत भाकर खायला बसली की हलायची नाही, आणि तो हळूहळू येऊन तिच्या पायाशी अंग टाकायचा. मडमनं जाताना हिंदीत बजावलं होतं, "इसको उठाना नहीं, ताना. बैठना. वो आएगा."

हे वाक्य मी पुढं इतक्या वेळा ऐकलं की ते माझ्या कानात घर करून बसलं. आत्या त्याला आपलं करून म्हणायची, "उचलाचं नाई. बसाचं. येते तो आपल्या मनानं."

आमच्याकडे ससा म्हणजे कानाला धरायचा, हे लहान पोरांनासुद्धा माहीत. कारण आमच्याकडे ससा दिसायचा तो जाळ्यातून काढलेला. मालकांनी पहिल्याच संध्याकाळी त्याला तसाच कानाला धरून वर घेतला. एवढं मोठं धूड, त्याचं वजन काय कानांनी पेलणार. त्यानं मागच्या पायांनी अशी लाथ झाडली की मालकांच्या हातावर कोपरापर्यंत ओरखडे उठले. आत्यानं आधी सशाला बघितलं, मग मुलाला. म्हणाली, "तुले कोनी कानाले धरून उचललं असतं त तू काय आरती केली असती?" मग तिनं दाखवलं, एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली, आणि पोटाशी घट्ट. तरीही म्हणाली, गरज नसताना उचलायचं नाहीच.

बाकी तो गरीब स्वभावाचा होता. लहान ससे भित्रे असतात, हा इतका मोठा असून गाईसारखा संथ. दिवसभर पसरून पडायचा. डोक्यावरून हात फिरवला की डोळे अर्धे मिटून दात बारीक बारीक कुरकुरवायचा. तो त्याचा खुशीचा आवाज. पण परका आवाज आला, भांडं पडलं, की मागचा पाय जमिनीवर आपटायचा, धप्प. शेणानं सारवलेल्या भुईवर तो आवाज भिंतीपलीकडेही जायचा. आणि हट्टी म्हणाल तर विचारू नका. त्यानं माझी नवी केरसुणी कुरतडली, माझ्या लग्नातल्या चपलेचा पट्टा खाल्ला. मी कोपऱ्यात बसून त्याला मनातल्या मनात शिव्या द्यायची. आत्या त्याला भुऱ्या म्हणायची.

एका दुपारी तो बसल्या जागी एकदम धाडकन कुशीवर कोसळला. पाय लांब, पोट उघडं, डोळे स्थिर. आत्यानं हातातलं सूप टाकलं आणि गळा काढला. "माह्या हातानं गेला रे," म्हणून ती रडायला लागली. त्या रडण्यानं भुऱ्या दचकून उठला, तिच्याकडे टक लावून बघत राहिला, आणि जरा वेळानं पुन्हा तसाच धाडकन आडवा झाला. तेव्हा कळलं की हा मेला नाही, निवांत झाला आहे. भीती असेल तिथं तो कधी असा पडत नसे. मी कोपऱ्यात तोंडावर पदर धरून हसले. सासरी आल्यावर ते माझं पहिलं हसू. आत्यानं ते बघितलं, पण बघितलं नाही असं दाखवलं.

तीच तिची माझ्याशी वागण्याची रीत होती. शेजारणी म्हणायच्या, सून घुमी आहे, ओढून बाहेर आण तिला, चार बायकांत बसव. आत्या म्हणायची, "येईन." माझं ताट ती कोठीजवळ ठेवायची आणि स्वतःचं ताट घेऊन थोडं अंतर सोडून खाली बसायची. बोलायची नाही. जेवायची आणि उठायची. रोज ते अंतर जरा कमी व्हायचं, आणि सरकायची ती मी. ती जागेवरून हलायची नाही.

ससा घरात आहे हे आम्ही वस्तीला कळू दिलं नव्हतं. का ते सांगते. आमच्या भिंतीला भिंत लागून भैयाजींचं घर. वस्तीत दीक्षेचं सगळं भैयाजींनीच मनावर घेतलं होतं. मंडळाचे पुढारी तेच. माणूस खरा, पण एक गोष्ट त्यांच्यानं सुटत नव्हती. ते सशांसाठी जाळी लावण्यात पटाईत होते. प्राणिमात्रावर दया करीन असं तेही म्हणाले होते, आणि जाळं छपरात खोचून ठेवलं आहे असं सांगत. पण रविवारी त्यांच्या चुलीवरून जो वास यायचा तो सगळ्या वस्तीला ओळखू यायचा. त्यात त्यांची दोन कुत्री. अख्ख्या वस्तीला पुरेल एवढा ससा भिंतीपलीकडे बसला आहे हे कळलं असतं तर काय झालं असतं, हे आत्यानं कोणाला विचारलं नाही. तिनं मागची खोली त्याला दिली आणि आम्हा दोघांना सांगितलं, "तोंडातून शब्द काढाचा नाई."

उन्हाळा तापला. भुऱ्याला ऊन सोसत नसे. आत्यानं खोलीच्या दाराला गोणपाट लावलं, दिवसातून कितीदा तरी त्यावर पाणी शिंपडायची. आत गार पाण्याचा माठ आडवा ठेवला, तो त्याला टेकून पडायचा. आणि पहाटे अंघोळ करून, ओल्या केसांनीच, ती विहिरीच्या पाटाकडे जायची. भर उन्हाळ्यात हिरवं गवत दुसरीकडे कुठं मिळणार? पाटाच्या कडेला हरळी होती. ती कोवळ्या दुर्वा खुडायची, बंगल्याच्या मागच्या कुंपणावरून जास्वंदीची पानं आणि दोनचार लाल फुलं आणायची, कारण भुऱ्याला जास्वंद जीव की प्राण. पदराखाली झाकून घरी यायची आणि गोणपाटामागं जायची. मग भिंतीपलीकडे ऐकू जायचं, "खा रे राजा. रुसला काऊन? घे, तुह्यासाठीच आनलं."

तुमच्या लक्षात आलंच असेल. दुर्वा आणि लाल जास्वंद कोणाला वाहतात हे ज्यांनी जन्मभर वाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. त्यात पहाटेची अंघोळ, अंधारी खोली, गार पाणी, आणि हलक्या आवाजातली मनधरणी.

भैयाजींच्या बायकोनं, आनंदाबाईनं, आधी विहिरीवर विषय काढला. तानाबाईनं गणपती नदीत सोडलाच नाही. पदरात बांधून नेला आणि पदरात बांधूनच आणला. म्हणून तर टोपल्यात टाकला नव्हता. आता मागच्या खोलीत बसवला आहे आणि चोरून पूजा चालते. आठ दिवसांत हे सगळ्या वस्तीचं झालं. बायका आमच्या दारावरून जाताना मान फिरवायला लागल्या.

मालक चिडले. "सांगून टाकू न, माय. ससा हाय म्हनून. कायले फुकट नाव खराब करतं?"

आत्या म्हणाली, "नाव माह्यं हाय. जीव त्याचा हाय."

पण तिला लागलं होतं. वैशाखातल्या पौर्णिमेला वस्ती पहिल्यांदाच एकत्र बसून वंदना म्हणणार होती आणि मग सगळ्यांची एक पंगत. आत्या ती वंदना दोन महिने पाठ करत होती. अक्षरओळख नाही, भाषा पाली, परकी, तोंडात बसायची नाही. भांडी घासताना म्हणायची, विसरायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. सशासमोर बसून म्हणायची, आणि तो तिच्या आवाजाला सरावल्यामुळे ऐकत पडून राहायचा. देव गेल्यानंतर तिला काहीतरी धरायचं होतं, ते तिनं त्या शब्दांत धरलं होतं. त्या रांगेत बसण्यासाठी ती लहान मुलीसारखी दिवस मोजत होती. मला ते दिसत होतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, उन्हं कलल्यावर, भैयाजी आठदहा लोकांना घेऊन दारात आले. जयभीम झाला. भैयाजी आवाज न चढवता म्हणाले, "काकू, मनात काई ठेवत नाई. मागची खोली दाखवा. आत देव नसन त आमी तुमच्या पाया पडू. असन त उद्या रांगेत बसता येनार नाई."

आत्या उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, "आत देव नाई. म्या शब्द देला होता, तो पाळला."

"मंग दाखवाले काय हरकत हाय?"

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. पायाशी भैयाजींची कुत्री घुटमळत होती. आतून भुऱ्यानं पाय आपटला, धप्प. सगळ्यांनी ऐकलं. एवढी माणसं एकदम आत घुसली, कोणी ओरडलं, कोणी कानाला धरलं, तर तो घाबरून स्वतःचं कंबरडं मोडून घेईल, हे तिला मडमनं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मले नका बसवू रांगेत. चालन मले. पर आत नका जाऊ."

झालं. ही तर कबुलीच झाली असं सगळ्यांना वाटलं. भैयाजींचा चेहरा पडला. त्यांनासुद्धा ते ऐकायचं नव्हतं, हे मी आज सांगू शकते. आत्या मात्र मान ताठ ठेवून उभी, आणि डोळ्यांतून पाणी.

मी कोपऱ्यात होते. इतक्या दिवसांत मी वस्तीतल्या एका माणसाशीही बोलले नव्हते. कशी उठले मला ठाऊक नाही. मला फक्त राग आला होता. ज्या बाईनं मला एकदाही ओढलं नव्हतं, तिला लोक दारात उभं करून ओढत होते. मी आत्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि भैयाजींना म्हटलं, "तुमी एकटेच चला. कुत्रे बाह्यर बांधा. आत गेल्यावर खाली बसाचं, बोलाचं नाई, हात लावाचा नाई."

घुमी सून बोलली म्हणून सगळे इतके थक्क झाले की कोणी नाही म्हटलं नाही. आत्यानं माझ्याकडे बघितलं आणि दारातून बाजूला झाली.

गोणपाट वर करून मी भैयाजींना आत घेतलं. अंधारात त्यांना काही दिसेना. ते मांडी घालून बसले, मी बसले, आत्या बसली. माठामागून कान आधी दिसले. मग डोकं. मग ते सगळं धूड हळूहळू पुढं आलं. भैयाजींनी श्वास रोखला. शिकाऱ्याचा डोळा, त्यांनी एका नजरेत सशाचं माप घेतलं असेल. भुऱ्या त्यांच्यापासून हातभर दूर थांबला, नाक हलवत राहिला. एक पाऊल मागं गेला. पुन्हा आला. त्यांचा पाय हुंगला, धोतराची कड हुंगली, आणि मग त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी घासली. जी वस्तू आपली मानली तिच्यावर तो अशी हनुवटी घासायचा. आणि मग तिथंच, त्यांच्या मांडीला पाठ लावून, धाडकन कुशीवर पडला.

भैयाजी घाबरले. "मेला काय वो? म्या काई केलं नाई," असं ते पुटपुटले.

"मेला नाई," आत्या म्हणाली. "निवांत झाला. तुह्या हाताले त्याच्या भावाबंदांचा वास येत असन भैयाजी, तरी येऊन पडला."

कोपऱ्यात अर्ध्या खाल्लेल्या दुर्वा होत्या, कोमेजलेलं जास्वंदीचं फूल होतं. भैयाजींनी ते बघितलं. आपले दोन्ही हात त्यांनी मांडीवर उलटेपालटे करून पाहिले आणि तसेच बसून राहिले. सशाला हात लावला नाही.

बाहेर आल्यावर लोकांनी विचारलं, गणपती आहे का. भैयाजी म्हणाले, "देव नाई. तानाकाकूचा शब्द खरा हाय. आपन चुकलो." आणि सगळ्यांदेखत ते आत्याच्या पाया पडले. आत काय आहे ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. आमचं गुपित त्यांनी आपल्या गाठीला बांधून घेतलं.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, पौर्णिमेच्या दिवशीच, मंडळाचे पुढारी भैयाजी विहिरीच्या पाटावर वाकून दुर्वा खुडताना वस्तीतल्या चार बायकांना दिसले. हातात लाल जास्वंदही होती. मग काय विचारता. आनंदाबाईच्या कानावर आपल्याच नवऱ्याची बातमी आली तेव्हा ती चुलीपुढून उठून धावत आमच्या दारात आली, कारण भैयाजी सरळ आमच्याच घरात शिरले होते. दुर्वांची जुडी त्यांनी आत्यापुढं ठेवली, आणि सोबत छपरातून काढलेलं जाळं. "याले तुमच्याकडं ठेवा," एवढंच म्हणाले. पुढं आत्यानं त्या जाळ्यावर दोडक्याचा वेल चढवला, आणि त्या वेलाचे दोडके भैयाजींच्याही घरी जात.

पण त्या सकाळी प्रश्न असा होता की आता संशय भैयाजींवर आला. आत्या थोडा वेळ विचार करत बसली. मग उठली, गोणपाट बाजूला केलं, एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली घालून भुऱ्याला पोटाशी धरलं आणि दारात आली. "माह्यासाठी भैयाजीनं कायले बोल खावा," म्हणाली. आनंदाबाई तोंडाचा आ करून बघत राहिली. बातमी पसरली, लोक जमले. आत्या सगळ्यांना सांगत होती, "आधी खाली बसा. गलका करू नका." आणि काय सांगू, अख्खी वस्ती रस्त्यावर खाली बसली. ज्यांनी तिच्या दारावरून माना फिरवल्या होत्या तेही बसले. त्या दिवसानंतर आमच्या दारात रोज कोणाची तरी दुर्वांची जुडी असायची, आणि भुऱ्याला कोणी कधी जाळ्याच्या नजरेनं बघितलं नाही. तो आणखी दोन उन्हाळे काढून, माठाला टेकून, म्हातारा होऊन गेला.

मला मात्र त्या पौर्णिमेची संध्याकाळ आठवते. लिंबाच्या झाडाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. बायकांच्या रांगेत आत्याला भैयाजींनी पहिल्या जागी बसवलं. मी अंगणाच्या दाराशी, चौकटीला धरून उभी. कालची हिंमत सगळी गळून गेली होती. इतक्या बायका, इतके डोळे. आनंदाबाई मला म्हणाली, "ये न वो पोरी," आणि माझा हात धरायला उठली. आत्यानं तिला हातानं थांबवलं.

तिनं मला हाक मारली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. आपल्या शेजारची सतरंजी तळव्यानं एकदा साफ केली, तिथं कोणाला बसू दिलं नाही, आणि समोर बघत हात जोडून आपली पाठ केलेली वंदना म्हणायला लागली. दुसऱ्या ओळीवर ती अडखळली. दोन महिने ऐकून मला ती पाठ होती. मी जाऊन तिच्या शेजारी बसले आणि पुढची ओळ सांगितली.